रात्रीचं नाव

प्रिय माऊ,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, बारशाचा घाट नको. नाव आम्ही ठरवलंय, दाखल्यावर तेच लागेल." मी बरं म्हटलं खरं, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आफ्रिकेतल्या नायजर देशातलं ते बारसं सारखं आठवत राहिलं. तुला त्याबद्दल कधी नीट सांगितलंच नाही.

२००५च्या अन्नटंचाईनंतर मी तिकडे नर्स म्हणून गेले, तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुला आजीजवळ सोडून गेल्याची टोचणी रोज असायची. ऐरच्या डोंगरांत, तिमियाच्या बाजूला, एका तुआरेग घरात, म्हणजे सहारा वाळवंटातल्या त्या जमातीच्या घरात, मुलगी झाली. सातव्या दिवशी नाव ठेवणार म्हणून मला बोलावणं आलं. हिरवा चहा आणि साखर घेऊन मी आदल्या संध्याकाळीच पोचले.

बाळंतीण तिच्या तंबूत होती. तिच्या म्हणजे खरोखरच तिच्या मालकीच्या. लग्नात नात्यातल्या वयस्क बायका ताडाच्या पात्यांच्या चटया विणून तो तंबू उभा करतात, आणि पुढे काडीमोड झाला तरी तंबू बाईकडेच राहतो. त्यांच्या बोलण्यात 'तंबू मांडणं' म्हणजेच लग्न करणं. बाळाच्या डोक्याशी वाळूत दोन सुऱ्या खोवल्या होत्या. ओसाड रानातली भुतं लोखंडाला भितात, म्हणून. तुझ्या वेळी आजीनं माझ्या उशाखाली अडकित्ता ठेवला होता. त्या सुऱ्या पाहिल्या आणि मला गळ्याशी दाटून आलं.

अंधार पडल्यावर घरातल्या म्हाताऱ्या उठल्या. एकीनं बाळ छातीशी धरलं, बाकीच्या तिच्यामागून निघाल्या आणि तंबूभोवती फेऱ्या सुरू झाल्या. वाळूत पावलांचा आवाजसुद्धा येत नव्हता. त्या फेऱ्यांतच त्यांनी बाळाला एक नाव दिलं, त्यांच्या तमाजक भाषेतलं. ते चारचौघांत सांगायचं नसतं. मी अगदी मागे चालत होते, तरी मला ते ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष मशिदीकडे गेले. बापानं आणि मौलवींनी ठरवलेलं कुराणातलं नाव मेंढ्याच्या गळ्यावर सुरी फिरवताना उच्चारायचं, ही तिथली रीत. आपल्याकडे कोकणातल्या मुसलमान घरांत अकीका करतात ना, तोच हा विधी. बाळाचं जावळही काढलं. मी मात्र तंबूत बाळंतिणीजवळच बसून होते. बाहेरून नाव आलं, तेव्हा ती हसली आणि बाळाच्या कपाळावरून बोट फिरवत राहिली. तिच्यासाठी ते पोरीचं दुसरं नाव होतं.

संध्याकाळी बायकांनी बाजरी कांडायचं लाकडी उखळ आणलं. त्याच्या तोंडावर बकरीचं ओलं कातडं ताणून बसवलं, दोन्ही बाजूंना मुसळं आडवी बांधली आणि कातडं सैल पडू नये म्हणून त्या मुसळांवर एकेक बाई बसली. झाला तेंदे, म्हणजे त्यांचा ढोल, तयार. मधूनमधून कातड्यावर पाणी शिंपडायचं, वाजवायचं, गायचं. निळ्या तागेलमुस्तांत, म्हणजे लांब फेट्यांत, तोंड झाकलेले पुरुष उंटांवरून त्या बायकांभोवती फिरत होते. सकाळी ज्यातून बाजरीचा आवाज आला होता, त्याच उखळातून ते गाणं निघत होतं. मला पाळण्याखालून-वरून होणारं आपलं 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' आठवलं, घुगऱ्या आठवल्या, आणि तुझ्या कानात 'कुर्रर्र' करताना आत्याच्या पाठीत बसलेले धपाटे.

म्हणून माऊ, दाखल्यावर तुमच्या दोघांच्या मनातलंच नाव लागू दे, त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. हॉल नको, जेवणावळ नको. फक्त बाराव्या दिवशी संध्याकाळचा एक तास आम्हा बायकांना द्या. तुझ्या सासूबाई, तुझी नणंद आणि मी. पाळणा माझ्याकडे आहे, तुझाच. दोऱ्या बदलून घेतल्यात. नणंदेला आत्याचा मान मिळू दे, तिनं तुमचं ठरलेलं नाव कानात सांगावं.

त्याआधी मी बाळाला घेऊन घरातल्या घरात एक फेरी मारीन. एक नाव मी ठरवून ठेवलंय. ते तुलासुद्धा सांगणार नाही.

डिंकाचे लाडू शनिवारी पाठवते. पाठ शेकत जा.

तुझी,
आई