लाइन तीच, पण मेलची वाट बघणं संपलं

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

आमच्या ऑफिसची मेल तुम्ही मार्गी लावून दिलीत, त्याबद्दल आभाराचं हे पत्र. नाव घालू नका म्हणालात, म्हणून घालत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ज्यांनी तुमच्याकडून काम करून घेतलंय, ते ओळखतीलच.

आमच्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या ऑफिसात खरेदी, डिस्पॅच, क्वालिटी, अकाउंट्स असे सगळ्यांचे मेल-आयडी वेगळे आणि नेटची लाइन सगळ्यांत मिळून एक. ग्राहक कास्टिंगचं (ओतीव भागाचं) ड्रॉइंग पाठवतो तेही सगळ्यांना सीसीत ठेवून, म्हणजे प्रत्येकाला एकेक प्रत. 15 एमबीची फाइल मेलमधून येताना एन्कोडिंगमुळे, म्हणजे फाइल मेलसाठी साध्या अक्षरांत बदलली जाते त्यामुळे, 20 एमबी होते, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला कुठे ठाऊक होतं! तीच पाच जणांना गेली की 100 एमबी झाले, आणि तेसुद्धा सकाळी सगळे पीसी चालू झाल्यावर, एकदम. क्वालिटीवाले चहा पिऊन परत आले तरी डाउनलोडची पट्टी निम्म्यावरच. त्यात आमच्या साहेबांचा पीसी आणि लॅपटॉप दोन्ही एकाच खात्यावर टपलेले. पॉप3मध्ये (मेल उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धतीत) एका वेळी एकालाच मेलबॉक्स उघडता येतो, त्यामुळे दुसऱ्यावर ‘मेलबॉक्स लॉक’ ठरलेलं.

बाकी जे जे येऊन गेले ते ‘प्लॅन वाढवा’ म्हणून गेले. तुम्ही स्टोअरमधला धूळ खात पडलेला पीसी मागितलात.

त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम आणि तीन प्रोग्रॅम बसवलेत: मेल आणणारं फेचमेल, ती ज्याच्या त्याच्या पेटीत टाकणारं पोस्टफिक्स आणि पेटीतली मेल वाचायला देणारं डव्हकॉट. फेचमेल 1996 सालापासूनचं आहे म्हटल्यावर आमची इंजिनिअर पोरं हसली होती. आता हसत नाहीत. दर पाच मिनिटांनी ते बाहेरच्या सर्व्हरवरून मेल ओढून घेतं, पोस्टफिक्सच्या हवाली करतं, आणि प्रत्येक जण आपापल्या टेबलावरून आयमॅपने, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीने, ऑफिसातल्याच पीसीवरची मेल वाचतो. साहेबांचे दोन्ही पीसी आता एकाच वेळी चालतात.

तुमची खरी हुशारी मला दिसली ती पुढे. एकाच फेचमेलला सगळी खाती दिली तर ते एकामागून एक तपासतं. खरेदीच्या खात्यात ड्रॉइंगं अडकली की अकाउंट्सची दोन ओळींची मेल मागे ताटकळते, म्हणजे एसटी स्टँडवर एकच खिडकी उघडी असल्यासारखं. तुम्ही प्रत्येक खात्याला स्वतंत्र फेचमेल दिलंत, त्याची फाइल आणि फोल्डर वेगळं. आता कुणाची मेल कुणामुळे अडत नाही.

लाइनचा वेग यामुळे वाढणार नाही, हे तुम्ही आधीच बजावलं होतं आणि तो वाढलाही नाही. पण अमेरिकेतला ग्राहक ड्रॉइंग पाठवतो तेव्हा आमच्याकडे रात्र असते. फाइल रात्रीच येऊन पडते. वाट मशीन बघतं, माणसं नाहीत.

आणखी एक. फेचमेल मेल आणली की मूळ सर्व्हरवरची पुसून टाकतं. तुम्ही ती तिथेच राहू देणारी ‘कीप’ ही सूचना घालून ठेवलीत आणि म्हणालात, “बॅकअपमधून एक मेल परत काढून दाखवा, मगच हे काढू.” अकाउंट्सच्या ताईंना शेजारी बसवून लॉग (मशीनने काय केलं त्याची नोंदवही) वाचायला शिकवलंत. खात्यांचे पासवर्ड ज्या फाइलींत उघडे असतात, त्यांची परवानगी 600 केलीत, म्हणजे फाइलीच्या मालकाशिवाय इतर कुणाला त्या उघडता येत नाहीत, आणि मशीनचा पासवर्ड पाकिटात घालून, वर सही करून तिजोरीत ठेवायला लावलात. इतर माणसं असलं काही आपल्याच डोक्यात ठेवतात, म्हणजे पुन्हा त्यांनाच बोलवावं लागतं. तुमच्या वागण्यातलं मला सगळ्यात आवडलं ते हेच, मेलपेक्षाही जास्त.

ताई आता लॉगमध्ये चूक दिसली की मला सांगतात, मी तुम्हाला फोन लावायच्या आत त्यांनी ती सोडवलेलीही असते.

बिलात तुम्ही मजुरी फारच कमी लावली आहे. साहेबांनी फरकाचा चेक काढून ठेवलाय, तो न्यायला या. आणि येताना डिस्पॅचच्या नव्या मुलाचंही खातं जोडून द्या.

सर्वांच्या वतीने,
ऑफिस सुपरिंटेंडेंट