अंबाजोगाईच्या इलेक्ट्रिशियन चाचांना

चाचा, सलाम. त्या दिवशी आभार मानायला लागलो तर तुम्ही "चाय हो गई ना, बस" म्हणत पुढच्या गाडीकडं निघून गेलात, म्हणून इथं लिहायलोय, तुमचा पोरगा वाचून दाखवील.

आमच्या गाडीचं दुखणं माहीतच आहे तुम्हाला. चालवताना कायबी त्रास नाही, पण सासुरवाडीत दोन रात्री उभी राहिली की सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टकटक, मग सगळे मेव्हणे धक्का मारायला आणि वरून टोमणे फुकट. लातूरला एका दुकानात दाखवली तर त्यांनी न तपासताच बॅटरी गेली म्हणून नवी गळ्यात मारली, अन् ती पण तशीच उतरायली.

तुम्ही काय विकलं नाही, आधी मीटर काढला. चार्जिंग करून ठेवलेल्या बॅटरीला १२.६ व्होल्ट, गाडी चालू केल्यावर १४.२, म्हणजे बॅटरी पण चांगली अन् डायनामो पण. मग मायनसची केबल सोडून मधे मीटर जोडला, पिन १० अँपियरच्या भोकात, अन् दार उघडंच ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून बसवलं, गाडीला वाटावं दार बंद आहे. मी सवयीनं चावीकडं हात नेला तर केवढ्यानं ओरडलात, मीटरचा फ्यूज उडला असता म्हणे. लगेच आकडा बघायचा नाही, गाडीतलं इलेक्ट्रॉनिक झोपायला अर्धा तास द्यायचा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. चहा झाला, आकडा उतरत उतरत ०.८ अँपियरवर आला अन् तिथंच अडकला. ०.०५ च्या आत पाहिजे म्हणालात. ०.८ म्हणजे दिवसाला १९ अँपियर-अवर, आमची बॅटरी ३५ ची, दोन रात्रीत ती उठणार कशी!

खरी कमाल पुढं. एकेक फ्यूज काढून बघितला, बोनेटमधले पण अन् स्टेअरिंगखालचे पण, आकडा हलायलाच तयार नाही. दुसऱ्या कुणी इथंच हात टेकले असते. तुम्ही बॅटरीच्या प्लसवरून निघालेली एक जादा लाल वायर धरली अन् तिच्या मागं मागं मॅटखालून सीटपर्यंत गेलात, आणि मला म्हणालात हात लावून बघा. सीटखालचा अँम्प्लिफायर, म्हणजे टेपचा आवाज वाढवणारा डबा, कोमट होता, टेप बंद, चावी तुमच्या खिशात, तरी कोमट! त्या वायरचा स्वतंत्र फ्यूज काढला की मीटर सरळ ०.०३.

टेप बसवणाऱ्यानं अँम्प्लिफायरची रिमोट वायर, म्हणजे त्याला चालू-बंद करणारी, त्याच लाल, कायम करंटच्या वायरला जोडली होती, त्यामुळं अँप रात्रंदिवस चालूच. तुम्ही ती टेपच्या निळ्या-पांढऱ्या वायरवर घेतली, टेप चालू तरच अँप चालू. एवढंच काम, आणि आता आठवडाभर उभी राहिली तरी पहिल्या सेल्फला उठायली.

मोठा मेव्हणा पण त्याचं पिकअप घेऊन यायलाय तुमच्याकडं, ते पण रात्रीतून उतरतंय. नवी बॅटरी घ्यायला निघाला होता, मीच थांबवलंय. पैसे मात्र त्याच्याकडून पूर्ण घ्या.