तुझ्या छपराचा हिशोब

प्रिय मंद्या,

तुझी मापं मिळाली. अमेरिकेतल्या तुझ्या व्हरमाँटचा अजून एक हिवाळा त्या गळक्या शिंगल्सखाली, म्हणजे डांबरी कौलांखाली काढू नकोस, स्टँडिंग सीमच घाल, म्हणजे उभ्या शिवणींनी जोडलेलं पत्र्याचं छप्पर. तुमच्या पडवीचे पत्रे आठवतात ना, दर पावसाळ्यात स्क्रूच्या भोकातूनच गळायचं, पत्रा उन्हात फुगतो, रात्री आकसतो, भोक मोठं होत जातं आणि रबरी वॉशर सुकतो. स्टँडिंग सीममध्ये पत्रा धरणाऱ्या क्लिपा उभ्या शिवणीखाली झाकलेल्या असतात, पत्रा त्यांच्यावर सरकतो, पाण्याला भोकच सापडत नाही.

24 गेज घे, नंबर लहान तेवढा पत्रा जाड. रंगाचा लेप पीव्हीडीएफ जातीचाच, दुसरा एसएमपी स्वस्त आहे पण लवकर फिका पडतो. मुख्य छपराला स्नॅप लॉक, म्हणजे दाबून खटकन बसणारी शिवण चालेल पण मागच्या पोर्चला उतार 12 ला 2 एवढाच आहे (आडव्या 12 इंचांना 2 इंच चढ), तिथे मशीनने दुमडलेली शिवणच हवी, यात काटकसर नको प्लीज.

आता मुख्य छपराचा हिशोब. खालची कड 40 फूट म्हणजे 480 इंच, पत्रा झाकतो 16 इंच, तर एका बाजूला 30 आणि दोन्हीकडे मिळून 60. लांबी मात्र जमिनीवरून मोजू नकोस! मी तेच केलं होतं, ऑर्डर द्यायच्या आदल्या रात्री लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. पागोळीपासून मोभापर्यंत आडवं 15 फूट, उतार 12 ला 6, म्हणून 15 गुणिले या उताराचा गुणक 1.118, म्हणजे पावणेसतरा फुटांच्या किंचित वर, शिवाय खालची घडी वेगळी. क्लिपा दर 2 फुटाला धरल्या तर साधारण 540.

आणि ट्रिम, म्हणजे कडा झाकणाऱ्या पट्ट्या, कोटेशनमध्ये लोक नेमकं हेच विसरतात, माझ्याही विसरले होते. मोभ 40, पागोळ्या 80, बाजूच्या तिरक्या कडा 67 फूट. तुकडे 10 फुटी येतात, जोडाला काही इंच जातात, तेव्हा 23-24 धर. पोर्चचं सगळं वेगळं मोजावं लागेल, पत्र्याखाली उष्णता सोसणारं चिकट अंडरलेमेंट, म्हणजे पाणी अडवणारा थर पण धर.

दारावरच्या छपराला स्नो गार्ड, म्हणजे बर्फ अडवणारे अडसर लावच, ते पण शिवणीला क्लॅम्पने, भोक न पाडता. गुळगुळीत पत्र्यावरून बर्फ एकदम खाली येतो रे, आणि तुझी आई डिसेंबरात येतेय, ती सकाळी सकाळी त्याच दारातून बाहेर पडणार. पोर्चची मापं शनिवारच्या आत पाठव, दोघं बसून मोजू.

तुझाच,
सुऱ्या