गृहमंत्री साहेब, नवरा-बायकोचं भांडण म्हणून हा गुन्हा माफ होतो का?

मा. गृहमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी वर्धा नदीकाठच्या एका खेड्यातली अंगणवाडी सेविका. मंत्र्याला पत्र लिहायचं काम आजवर पडलं नाही, पण परवा माझ्या पोरीचा व्हिडिओ पुन्हा फिरला म्हणून लिहून राहिली आहे. तुम्हाला कामं खूप आहेत हे समजते, तरी पूर्ण वाचा, आणि "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा मारून हे पत्र परत त्याच ठाण्यात पाठवू नका ही पहिली विनंती, कारण तिथूनच मी हात हलवत आली आहे.

नवऱ्यासोबत फारकतीची केस तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. मोठी पोरगी चौथीत, लहाना पाचचा व्हायचा आहे, दोघंही माझ्याजवळ. कोर्टाने बापाला लेकरांची भेट दिली, कोर्टाच्याच आवारात, मी त्याला कधी नाही म्हटलं नाही, लेकरांना बाप पाहिजेच. पण एका भेटीत पोरगी रडायला लागली तर तिला जवळ घ्यायचं सोडून त्याने मोबाईल काढला, रडतानाचं शूटिंग केलं, खाली लिहिलं "आईने बापापासून लेकरू तोडलं" आणि रील टाकून दिली. अंगात शाळेचा ड्रेस, छातीवर शाळेचं नाव, सगळं वाचता येते. दुसऱ्या दिवशी वर्गातली पोट्टी तिच्यासारखं रडून दाखवत होती. आता शाळेची वेळ झाली की तिचं पोट दुखते. डॉक्टर म्हणतात पोटाला काही नाही.

माझं तर वेगळंच. माझ्या नावाने, माझ्या लग्नातला फोटो लावून खोटं खातं काढलं, त्यात माझा नंबर टाकला. रात्री साडेअकराला अनोळखी माणसं फोन करतात, काय बोलतात ते इथं लिहू शकत नाही. सगळे म्हणतात नंबर बदल. साहेब, माझा नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलेला आहे, गावातल्या प्रत्येक गरोदर बाईजवळ आहे, रात्री कळा सुरू झाल्या तरी बायका आधी मला लावतात, मी काहून बदलू? ज्याने केलं त्याला कोणी काही म्हणत नाही, नंबर बदलायचा मी, गाव सोडायचं मी, पोरीची शाळा बदलायची मी.

त्याच्याही आधीपासून माझं व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपवर जोडलेलं होतं. मी माहेरी आली तरी ते तिकडं चालूच. वकिलीण बाई मला जे पाठवत होत्या ते माझ्याआधी तो वाचत होता, आणि आम्ही कोर्टात काय मांडणार हे तिकडच्या वकिलाला आधीच माहीत. शेवटी वकिलीण बाईंनीच सेटिंगमधलं लिंक केलेल्या डिव्हाइसचं पान उघडून दाखवलं, तिथं त्याचा लॅपटॉप दिसून राहिला होता. माझ्यासारख्या बाया हे वाचत असतील तर आजच ते पान उघडा, आणि काढून टाकायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या.

ठाण्यात गेली तर जमादार म्हणे, "ताई, कोर्टात केस चालू आहे ना, मग तिथंच सांगा ना बाप्पा, नवरा-बायकोच्या भांडणात आमाले काहून ओढता." लय बोलल्यावर एक एनसी लिहून दिली. अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपासच करणार नाहीत! साहेब, तुमचं खातं आहे म्हणून विचारते, इंटरनेट-मोबाईलवरच्या गुन्ह्यांच्या आयटी कायद्यात ६६-सी आहे, दुसऱ्याची ओळख, पासवर्ड वापरला तर ३ वर्षांपर्यंत कैद, ६६-डी आहे, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, आणि त्याच कायद्याचं ७७-बी म्हणते की ३ वर्षं आणि त्याच्यावरचे गुन्हे दखलपात्र. मग एनसी कोणत्या कायद्याने लिहिली? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिचं कलम ७८ म्हणते की बाईच्या इंटरनेटवर, ईमेलवर, कोणत्याही इलेक्ट्रॉनिक बोलण्यावर पाळत ठेवणं हा गुन्हा. त्यात नवऱ्याला सूट आहे असं कुठंच लिहिलेलं नाही, मी आणि वकिलीण बाईंनी बसून वाचलं.

आणि खरी मेख पुढं आहे. आयटी कायद्याचंही एक कलम ७८ आहे. ते म्हणते की या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पीआय म्हणजे पोलीस निरीक्षक किंवा त्याच्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. आमच्या ठाण्यात ठाणेदारच एपीआय, पीआयच्या खालचा! म्हणजे तपास करायला माणूसच नाही. मग पाठवतात जिल्ह्याच्या सायबर सेलकडे, सेलवाले विचारतात पैसे गेले का, नाही म्हटलं की म्हणतात लोकल ठाण्यात जा. पैसे गेले असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन लावला असता, इज्जत गेली तर कोणता नंबर आहे ते सांगा.

महिला मेळाव्यात एका मोठ्या अधिकाऱ्याने माईकवर सांगितलं होतं की तक्रार द्या, आठ दिवसांत खातं बंद करून देतो, एकाही बहिणीला चकरा माराव्या लागणार नाहीत. आम्हीच बाया गोळा करून नेल्या होत्या त्या मेळाव्याला, टाळ्याही आम्हीच वाजवल्या. २०२१ च्या आयटी नियमात तर ज्याच्या नावाने सोंग घेतलं त्याने तक्रार केली की कंपनीने तो मजकूर २४ तासांत काढायचा असं होतं, २०२६ मध्ये ती मुदत आणखी कमी झाली. माझ्या तक्रारीला इंग्रजीत आपोआप आलेलं उत्तर मिळालं, खातं जसंच्या तसं.

आता नवऱ्याकडचे लोक सांगत फिरतात की सुप्रीम कोर्टानेच परवानगी दिली. काय तर जुलै २०२५ मध्ये निकाल आला की नवरा-बायकोने एकमेकांचं चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून चालते. बरं, मान्य. पण पुरावा जज साहेबांपुढं ठेवायचा असते की पानठेल्यावरच्या ग्रुपमध्ये? हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ आहे, अशा केसेस बंद खोलीत चालवायच्या आणि त्यातलं काही परवानगीशिवाय छापायचं, प्रसिद्ध करायचं नाही. माझ्या अर्जाचं पान, ज्यात मी लग्नातल्या मारहाणीचं सगळं लिहिलं, ते त्याने स्टेटसला ठेवलं, अर्ध्या गावाने वाचलं. त्या कलमात दंड किती माहीत आहे? जास्तीत जास्त एक हजार रुपये. १९५५ चा कायदा, तेव्हापासून तेवढाच. हजार रुपयात माझी आणि पोरीची अब्रू विकत मिळते आणि तो हजारही आजवर कोणी त्याच्याकडून मागितला नाही.

पुरावा द्यायचा म्हटलं तर मलाच फास. स्टेटस २४ तासांत गायब. स्क्रीनशॉट दाखवला तर म्हणतात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागते, त्यावर तज्ज्ञाची सही, हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा. तालुक्यात तज्ज्ञ कोण, सेतू केंद्रातला पोरगा? मग म्हणतात मोबाईल जमा करा, नागपूरला लॅबमध्ये पाठवतो. तो मोबाईल गेला तर अंगणवाडीचं पोषण ट्रॅकर ॲप कशावर भरू, लेकरांची वजनं कशावर नोंदवू? मानधनावर दोन लेकरं आहेत माझी, खावटीचा आदेश अजून व्हायचा आहे. चोरी ज्याने केली त्याचा लॅपटॉप मात्र घरी आरामात.

२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कोणाचा? मुंबईतल्या बंगल्यावाल्याचा? डिसेंबर २०२१ मध्ये तुम्हा सगळ्या पक्षांनी एकमताने शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यात बायांच्या ऑनलाइन छळाचं कलम होतं, पेपरात केवढे फोटो आले होते. राष्ट्रपतींकडे गेलं आणि कायदा काही झाला नाही. सत्ता बदलली, खुर्च्या बदलल्या, त्या विधेयकावर मतं मागून झाली, आता कोणी नावही काढत नाही. दरवर्षी हिवाळ्यात तुम्ही सगळे नागपूरला येता, १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला शब्द दिला म्हणून येता, रस्त्याला डांबर लागते, मोर्चे अडवायला बाहेरून हजारो पोलीस येतात. तेव्हा पोलीस कमी पडत नाहीत. माझ्या तालुक्याला एक पीआय द्यायचा तर मंजूर पद नाही म्हणतात! कापसाला भाव मागा तरी अधिवेशन, लेकराची इज्जत मागा तरी पुढच्या अधिवेशनात बघू, असंच चालून राहिलं आहे.

मला पैसे नको, सांत्वनाला महिला आयोगाच्या बाई नको. प्रत्येक तालुक्याला आयटी कायद्याचा तपास करू शकेल असा पीआय दर्जाचा माणूस पाहिजे, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी का होईना, पण ठाण्यात बसलेला. फारकतीच्या केसमधल्या लेकराचा फोटो-व्हिडिओ टाकला तर "घरगुती" म्हणून परत पाठवायचं नाही असं लेखी परिपत्रक पाहिजे. कलम २२ चा दंड वाढवायला केंद्राला लिहा. पुराव्यासाठी बाईचा मोबाईल ठेवून न घेता तिथंच कॉपी करून द्यायची सोय करा. आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असो फुकट वकील मिळतो, १५१०० वर फोन करता येतो, हे ठाण्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. मला ते एका मदतनीस बाईने सांगितलं, ठाण्यात कोणी सांगितलं नाही.

सोमवारी मी आणि वकिलीण बाई पुन्हा ठाण्यात जाणार आहोत. एफआयआर घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे एसपी साहेबांना रजिस्टर पोस्टाने अर्ज, आणि तिथंही नाही झालं तर १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटपुढं. ज्या जमादाराने आणि ज्या ठाणेदाराने परत पाठवलं त्यांची नावं, तारखा, एनसीची नक्कल, सगळं त्या अर्जाला जोडलं आहे. त्याची एक प्रत तुमच्या कार्यालयाला येईल, पोचपावती मी सांभाळून ठेवणार आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, दोन लेकरांची आई