टाकी पिचकली ती पत्रा पातळ होता म्हणून नव्हे

महोदय,

एका दूधप्रक्रिया केंद्रातील स्टेनलेस स्टीलची टाकी धुलाई सुरू असताना काही क्षणांत आत चेपली, ही बातमी आपल्या अंकात वाचली. पत्रा अवघा ४ मिलिमीटरचा निघाला, त्याअर्थी ठेकेदाराने हात मारला असावा, असा बातमीचा एकूण सूर आहे. ठेकेदाराची वकिली करण्याचे मला काही कारण नाही. पण अशा टाक्यांच्या आराखड्यांवर नोकरीची बरीच वर्षे घालवली असल्याने, हा तर्क घाईचा आहे एवढे सांगणे भाग आहे.

समजा, टाकीचा व्यास २ मीटर, लांबी ६ मीटर आणि पत्रा ४ मिलिमीटरचा आहे. पदविकेच्या वर्गात ‘थिन सिलिंडर’ म्हणून जे सूत्र घोकून घेतात, ते आतल्या दाबाचे असते. त्या सूत्राने पाहिले, तर दोन्ही टोकांची झाकणे आणि वेल्डिंगचे सांधे तूर्त बाजूला ठेवता, हा पत्रा सुमारे ८ बार (१ बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) दाब येईपर्यंत ताणाखाली कायमचा सैल पडत नाही. आता हाच दाब बाहेरून द्या. पत्रा ताणला न जाता दाबला जातो, आणि त्याची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी त्याचा गोल आकारच टिकेनासा होतो. विंडेनबर्ग आणि ट्रिलिंग या अभियंत्यांनी १९३४ मध्ये बाहेरच्या दाबासाठी दिलेल्या सूत्राने हिशेब केला, की उत्तर येते जेमतेम ०.३ बार. एकच टाकी, एकच पत्रा, आणि आतून जे पेलते त्याच्या पंचविसाव्या हिश्श्यालाही बाहेरून ती टिकत नाही.

०.३ बार म्हणजे किती, तर ३ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. उभ्या टाकीचे व्हेंट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याचे तोंड, बंद राहिले आणि खालचा व्हॉल्व्ह उघडला, तर पंपाचीही गरज नाही. आतला द्रवच खाली उतरताना वर एवढी ओढ निर्माण करू शकतो, आणि मग बाहेरची हवाच टाकीला चेपते. रंगकामाच्या वेळी व्हेंटवर बांधलेली प्लास्टिकची पिशवी काढायची राहून गेली आणि टाकी गेली, हे आमच्या धंद्यात नवलाचे नाही. गरम धुलाईत तर प्रकरण आणखी वेगाने घडते. १ लिटर पाण्याची वाफ १०० अंशांना सुमारे १,६७० लिटर जागा व्यापते. त्यावर थंड पाण्याचा फवारा सोडला, की ती वाफ पुन्हा पाणी होते आणि रिकामी झालेली जागा भरण्याइतकी हवा लहानशा व्हेंटमधून तेवढ्या वेळात आत शिरू शकत नाही.

या विषयात कागदावरच्या उत्तरावर किती विसंबावे, याचा धडा अभियंत्यांना फार पूर्वी मिळालेला आहे. पातळ नळकांडे उभे ठेवून वरून दाबले, तर ते किती भाराला पिचकेल, याचे सूत्र लोरेंझ आणि टिमोशेंको यांनी १९१० च्या सुमारास मांडले. प्रयोगशाळेत मात्र नळकांडी त्या भाराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यालाच मान टाकू लागली, आणि एकाच मापाच्या दोन नळकांड्यांचे आकडेही एकमेकांशी जुळेनात. फोन कारमान आणि त्सिएन यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले, की एकदा पिचकायला लागलेले नळकांडे पूर्वीच्या मानाने फारच कमी भार पेलते. कॉयटर यांनी १९४५ मध्ये डेल्फ्ट येथे सादर केलेल्या प्रबंधात, मुळातच राहून गेलेला बारीकसा पोचा हा भार किती खाली आणतो, याचे गणित सोडवले; प्रबंध डच भाषेत असल्यामुळे ते बाहेरच्या जगाला नीट कळायला दोन दशके गेली. नासाने १९६० च्या दशकात आराखडेकारांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्याप्रमाणे त्रिज्या जाडीच्या ५०० पट असेल, तर सूत्राने आलेला भार ०.३२ ने गुणून मगच वापरायचा. शीतपेयाच्या रिकाम्या डब्यावर जपून उभ्या राहिलेल्या माणसाला तो डबा पेलतो, आणि कोणी बाजूला बोट टेकवले की क्षणात त्याची चकती होते, त्यामागचे रहस्य हेच.

बाहेरच्या दाबाखाली नळकांडे एवढे नाजूक वागत नाही, हे खरे. तरी दाबपात्रांच्या, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्यांच्या, नियमसंहितेत गोलाईतला फरक (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास यांतले अंतर) व्यासाच्या १ टक्क्याच्या आत ठेवण्याची अट आहे, ती उगाच नाही. वरच्या उदाहरणातल्या टाकीला तो २० मिलिमीटर होतो. ट्रकमधून उतरवताना साखळीने चेपलेली कूस कोणी मोजतो का?

पत्रा दुप्पट जाड केला असता तर टाकी वाचली असती, यात वाद नाही. पत्रा ८ मिलिमीटरचा घेतला, की पिचकण्याचा दाब साडेपाच पटींहून अधिक होतो. परंतु पोलादही दुप्पट लागते. त्याऐवजी ४ मिलिमीटरच्याच टाकीला बाहेरून दर २ मीटरवर एक, अशा दोन भक्कम रिंगा वेल्ड केल्या, तर कागदावरचा दाब सुमारे ०.९ बारवर, म्हणजे जवळजवळ पूर्ण निर्वातापर्यंत जातो. किलोच्या भावाने निविदा उघडणाऱ्या खरेदी विभागाला हा फरक पटवून देताना माझ्या हयातीतील पुष्कळशा दुपारी खर्ची पडल्या आहेत.

टाकीच्या नामपट्टीवर आतल्या दाबाची मर्यादा ठळक अक्षरांत असते. किती निर्वात चालेल, हा रकाना मी कितीतरी टाक्यांवर कोरा पाहिला आहे. तो भरणे सक्तीचे करावे. चौकशी करणाऱ्यांनीही पत्र्याला मायक्रोमीटर लावण्यापूर्वी शिडी लावून टाकीवर चढावे आणि व्हेंटच्या जाळीत काय अडकले आहे ते पाहावे.

आपला,
एक निवृत्त यंत्र अभियंता, सांगली