खाते क्रमांक ही संख्या नव्हे

महोदय,

अतिवृष्टीची मदत असो, शिष्यवृत्ती असो की बचत गटाचे अनुदान, गावातून तालुक्याला जाणारी लाभार्थ्यांची यादी आता बहुतेक वेळा एक्सेलमध्येच जाते. त्यातली काही नावे ‘खाते क्रमांक चुकीचा’, ‘आधार जुळत नाही’, ‘कागदपत्र अस्पष्ट’ असा शेरा घेऊन परत येतात आणि ऐन पेरणीच्या दिवसांत कास्तकार पासबुक घेऊन बँक, तलाठी कार्यालय आणि सेतू केंद्र असे हेलपाटे घालत राहतो. यातल्या कितीतरी चुका त्याच्याही नसतात आणि बँकेच्याही नसतात. ऑपरेटरने पासबुकावरचा आकडा बरोबर टाइप केलेला असतो. एंटर दाबताच तो बदलतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडच्या संगणक वर्गांत अक्षर ठळक कसे करायचे, तक्त्याला चौकट कशी द्यायची हे घोटून घेतात. संगणक आकडा आणि अक्षर आत कसे साठवतो, हे मात्र थिअरी म्हणून सोडून देतात. माझे म्हणणे एवढेच की तेच आधी शिकवावे.

संगणकाजवळ ० आणि १ ही दोनच चिन्हे. अशा एका चिन्हाच्या जागेला बिट म्हणतात, आठ बिटांचा एक बाइट होतो आणि एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या रचना बसतात. कोणती रचना म्हणजे कोणते अक्षर, हे आधी ठरलेल्या तक्त्यावरून कळते. बँकेचा आयएफएससी कोड घ्या. तो ११ चिन्हांचा असतो; पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि पाचव्या जागी नेहमी शून्य. तिथे घाईत इंग्रजी ‘ओ’ पडला तर डोळ्याला फरक दिसत नाही. संगणकात मात्र शून्याचा क्रमांक ४८, म्हणजे ००११००००, आणि मोठ्या ‘ओ’चा ७९, म्हणजे ०१००११११. कीबोर्ड मराठीवर राहून गेला आणि देवनागरी शून्य पडले, तर त्याचा युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांचा एकच सामाईक तक्ता) क्रमांक २४०६. आपल्याला एकच गोल दिसतो. यंत्राच्या लेखी ती तीन वेगळी चिन्हे आहेत, म्हणून कोड जुळत नाही. ग्रामपंचायतीचा मराठी एसएमएस लवकर तुटतो त्याचेही कारण इथेच सापडते. एका एसएमएसला १४० बाइट मिळतात. इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसते म्हणून १६० अक्षरे मावतात, देवनागरी चिन्हाला १६ बिट लागतात म्हणून ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘विदर्भ’ या शब्दालाच सहा चिन्हे लागतात.

आता एक्सेलकडे येतो, कारण खरे नुकसान तिथे होते. एखाद्या घरात (सेलमध्ये) नुसते अंक टाइप केले की एक्सेल त्यांना संख्या समजते आणि संख्या ८ बाइटमध्ये ठेवते. त्या ६४ बिटांपैकी प्रत्यक्ष अंकांच्या वाट्याला ५२ येतात, म्हणून एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक राहते. सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवट ४५६७ असेल तर एंटर दाबल्यावर ४५६० होतो. सुरुवातीची शून्ये तर लगेच गळतात, कारण संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते. आधारचे १२ अंक आत शाबूत राहतात, पण पडद्यावर १.२३४५७ई+११ असे काहीतरी दिसते. त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली नुसत्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केली की दिसते तेवढेच लिहिले जाते आणि उरलेले अंक कायमचे जातात.

गट नंबरचे हाल याहून वाईट. संगणकात तारखेची भारतीय पद्धत असेल तर १२/३ टाइप केले की ती १२ मार्च तारीख होते. एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा आकडा ठेवते. म्हणून नंतर कोणी त्या घराचा फॉरमॅट बदलून टेक्स्ट केला तर १२/३ परत येत नाही. २०२५ साली टाइप केले असेल तर ४५७२८ येतो. त्याच कॉलममधला १४५/३ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण १४५ तारखेचा दिवस नसतो. अर्धा कॉलम बरोबर दिसतो म्हणून तपासणाऱ्याचीही नजर फसते.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर करावा लागतो. टाइप करण्याआधी आधार, खाते क्रमांक, मोबाइल आणि गट नंबर हे कॉलम पूर्ण निवडावेत, कंट्रोल आणि १ दाबून फॉरमॅट सेल्समध्ये टेक्स्ट करावे. गुगल शीट्समध्ये याला प्लेन टेक्स्ट म्हणतात. एकाच घरापुरते काम असेल तर आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे. टाइप झाल्यावर टेक्स्ट केले तर गेलेले अंक येत नाहीत. पासबुक समोर घेऊन ते पुन्हा लिहावेच लागतात. टेक्स्ट केलेल्या घराच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो आणि ‘कन्व्हर्ट टू नंबर’ असा पर्याय दिसतो. चांगली चांगली मुले तिथे क्लिक करून पूर्ण कॉलम घालवतात. तो त्रिकोण राहू द्यावा. ज्या आकड्याची कधी बेरीज करायची नाही तो मजकूर, हा नियम धरला की गोंधळ होत नाही.

बेरजेच्या कॉलममध्ये उलटी चूक होते. रकमेच्या घरात ‘५००० रु.’ किंवा क्षेत्राच्या घरात ‘१.२० हे.’ लिहिले की ते घर मजकूर होते आणि सम फॉर्म्युला त्याला गुपचूप वगळतो. एकूण कमी येते, चूक दाखवत नाही. फॉरमॅटिंगला हात लावलेला नसेल तर संख्या घराच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या. पन्नास ओळींवरून एकदा नजर फिरवली तरी वेगळे घर उठून दिसते. सॉर्ट करतानाही फार जपावे. फक्त नावांचा कॉलम निवडून सॉर्ट केले आणि इशारा आल्यावर ‘एक्सपांड द सिलेक्शन’ न घेता पुढे गेले, तर नावे हलतात, खाते क्रमांक जागच्या जागी राहतात. मग एकाची मदत दुसऱ्याच्या खात्यात जाते, आणि असे पैसे परत मिळवताना गावात काय होते ते मी लिहायला नको.

जुन्या फॉन्टमधल्या याद्या अजून फिरतात. कृतिदेवमध्ये ‘क’ दिसतो तिथे आत इंग्रजी ‘डी’ साठवलेला असतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच दिसतो. नावे युनिकोडमध्येच लिहावीत. युनिकोड सीएसव्ही दोनदा क्लिक करून उघडल्यावर मराठीऐवजी विचित्र चिन्हे आली तर फाइल खराब झाली असे समजून पुन्हा टाइप करू नये. डेटा मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्यावे आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडावे.

‘कागदपत्र अस्पष्ट’ या शेऱ्यामागे बहुधा कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबून लहान करणे, असते. सातबाऱ्याचे ए-४ पान ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन, स्कॅन केले तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे ८६,९९,८४० ठिपके होतात. रंगीत ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे कच्चा आकार सुमारे २६ एमबी. तेच करड्या रंगात १५० डीपीआयवर केले तर २१,७४,९६० ठिपके आणि ठिपक्याला एकच बाइट, म्हणजे जेमतेम २ एमबी. जेपीईजी केल्यावर हे पान बहुधा २००-३०० केबीत वाचता येईल असे बसते. लोक मात्र रंगीत मोठे स्कॅन करतात आणि मर्यादेत बसवायला क्वालिटी तळाला नेतात. जेपीईजी चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि त्यातले बारीक तपशील आधी टाकून देते. चेहऱ्याच्या फोटोत ते खपते. पासबुकावरच्या ३ आणि ८ मधला फरक म्हणजेच तो बारीक तपशील. म्हणून आधी फालतू कडा कापाव्यात, मग रंग काढावा, मग ठिपके कमी करावेत आणि क्वालिटीला सगळ्यात शेवटी हात लावावा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो.

झिपमध्ये टाकून फोटो लहान होईल ही आशाही सोडावी. झिप पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी एकदाच लिहिते. ओळीओळीला तेच गाव आणि तोच तालुका असलेली सीएसव्ही तिच्यात छान आवळते. जेपीईजीत पुन्हा येणारे काही उरलेलेच नसते. आणि नेटचा वेग बिटांत, फाइल बाइटमध्ये मोजतात हेही मुलांना माहीत हवे. मेळघाटातल्या एखाद्या गावात सेकंदाला १०० किलोबिट मिळाले, तर ४ एमबीचा फोटो चढायला पाच मिनिटांहून जास्त लागतात. तेवढ्यात पोर्टलचे सेशन संपू शकते.

तहसील, कृषी आणि शिक्षण विभागांनी गावाकडे कोरा नमुना पाठवताना त्यातले क्रमांकांचे कॉलम आधीच टेक्स्ट करून द्यावेत आणि डेटा व्हॅलिडेशनमध्ये (घरात काय लिहिता येईल ते ठरवणाऱ्या सोयीत) आधारसाठी लांबी १२, आयएफएससीसाठी ११ अशी अट घालावी. एका जाणत्या माणसाचे हे अर्ध्या तासाचे काम आहे. टेक्स्ट कॉलममध्ये दुसरीकडून पेस्ट करायचे असेल तर पेस्ट स्पेशलने फक्त मजकूर घ्यावा, नाहीतर जुना फॉरमॅट आणि तपासणीची अट दोन्ही पुसले जातात. दुबार नावे शोधायला काउंटइफ (एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारा फॉर्म्युला) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: हा फॉर्म्युला टेक्स्ट केलेल्या सोळा अंकी क्रमांकालाही संख्याच समजतो आणि १५ अंकच ताडतो. फक्त शेवटचा अंक वेगळा असलेली दोन खाती तो एकच ठरवतो. शोधायच्या क्रमांकाला शेवटी ‘&"*"’ जोडले की तो मजकूर म्हणून ताडतो; हे केल्याशिवाय कोणाचेही नाव दुबार म्हणून कापू नये.

आपला,
एक संगणक प्रशिक्षक
ता. आर्णी, जि. यवतमाळ