कॉर्नफ्लेक्स एका रात्रीत झाले नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला केलॉग कंपनीच्या जन्मावरचा लेख वाचला. शिजवलेला मका स्वयंपाकघरात विसरून राहिला, दुसऱ्या दिवशी तो लाटला तर पापुद्रे पडले आणि डॉ. केलॉग यांनी कॉर्नफ्लेक्सची कंपनी काढली, असा त्याचा सारांश. हीच गोष्ट सगळीकडे फिरते, त्यामुळे लेखकाला फार दोष देता येत नाही. पण विसरून राहिला तो मका नव्हता, गहू होता. कंपनी डॉक्टरांनी नव्हे, त्यांच्या धाकट्या भावाने काढली. आणि त्या दोन घटनांमध्ये तब्बल बारा वर्षे गेली. त्या बारा वर्षांत काय झाले ते लेखात आलेच नाही, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक गावी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाने १८६६ मध्ये एक आरोग्यधाम सुरू केले होते. १८७६ मध्ये त्याची सूत्रे जॉन हार्वे केलॉग यांच्या हाती आली, तेव्हा ते अवघे २४ वर्षांचे होते. मांस, दारू, तंबाखू, चहा-कॉफी, तिखट-मसाले सगळे तिथे वर्ज्य. मग रुग्णांना खायला द्यायचे काय? त्यासाठी डॉक्टरांच्या पत्नी एला यांच्या देखरेखीखाली प्रयोगांचे स्वतंत्र स्वयंपाकघर चाले. डॉक्टरांपेक्षा आठ वर्षांनी लहान असलेला भाऊ विल कीथ १८८० मध्ये हिशेबनीस म्हणून तिथे लागला. वडिलांचा झाडू बनवण्याचा धंदा होता, आणि विल ते झाडू विकत हिंडलेला. विक्रीची ही तालीम पुढे कामाला आली. आरोग्यधामात मात्र हिशेब, पत्रव्यवहार, खरेदी, पार्सले आणि थोरल्या भावाची बोलणी असे सगळेच त्याच्या वाट्याला आले.

आता त्या १८९४ च्या गव्हाकडे येऊ. गहू उकडायचा आणि दोन रुळांमधून दाबून काढायचा, असा प्रयोग चालू होता. ताजा शिजलेला गहू रुळांत घातला की लगदा व्हायचा आणि रुळांनाच चिकटून बसायचा. राहून गेलेला गहू घातला तेव्हा एका दाण्याचा एक, असे सुटे पापुद्रे पडले. याचे कारण साधे आहे. नुकत्याच शिजलेल्या दाण्यात ओलावा सारखा पसरलेला नसतो. वरचा थर ओला आणि चिकट असतो. काही तास मुरू दिला की आतबाहेरचा ओलावा सारखा होतो आणि शिजून फुगलेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट धरतो. असा दाणा दाबाखाली फुटत नाही की पसरत नाही, नुसता चपटा होतो. हे कुणाच्या डोक्यातून निघाले यावर त्या घरातच एकमत नव्हते. डॉक्टर श्रेय स्वतःकडे घेत, विल ते स्वतःकडे घेत, आणि एला यांचा वाटा तर दोघांच्याही समर्थकांनी पुसून टाकला.

डॉक्टरांनी ३१ मे १८९५ रोजी पेटंटचा अर्ज केला आणि १४ एप्रिल १८९६ रोजी ते मिळाले. त्यात विसराळूपणाचा मागमूस नाही, सगळा कारभार घड्याळ आणि थर्मामीटरचा आहे. धान्य ८ ते १२ तास भिजवावे. पाणी एकतर थंड, म्हणजे ४ ते १६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, नाहीतर चांगले कोमट, ४३ ते ६० अंश. मधले तापमान टाळायचे, कारण तिथे धान्य आंबते. मग सुमारे तासभर उकळावे, गार करून अर्धवट सुकवावे, थंड रुळांतून काढावे, रुळाला लागलेला पापुद्रा नीट बसवलेल्या पात्याने खरवडून घ्यावा आणि भट्टीत कुरकुरीत होईपर्यंत भाजावा. या गव्हाच्या पापुद्र्यांना त्यांनी ‘ग्रॅनोज’ नाव दिले. १० औंसांचा, म्हणजे पाव किलोहून थोडा मोठा खोका १५ सेंटला विकला जाई. ते पेटंट पुढे न्यायालयात टिकले नाही. त्यातच डॉक्टर येईल त्याला स्वयंपाकघर मोकळ्या मनाने दाखवत. १८९१ मध्ये उपचारांसाठी आलेल्या सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी तिथे जे पाहिले त्यावर गावातच स्वतःचा कारखाना उभा केला: १८९५ मध्ये कॉफीला पर्यायी पेय पोस्टम, आणि मागोमाग ग्रेप-नट्स ही धान्याची न्याहारी. काही वर्षांत त्या एवढ्याशा गावात धान्याच्या न्याहारीचे चाळीसहून जास्त कारखाने झाले.

मका आला १८९८ मध्ये, आणि पहिला माल फसला. पापुद्रे जाड, चव बेताची आणि टिकाऊपणा तर नाहीच. खोक्यातले फ्लेक्स खवट होत. मक्याच्या दाण्यात साधारण चार टक्के तेल असते आणि त्यातले बहुतेक अंकुरात. अख्खा दाणा शिजवून, पातळ दाबून, कडक भाजला की ते तेल हवेला उघडे पडते आणि खवट होते. यावर उपाय म्हणजे दाणा आधी गिरणीत फोडायचा, अंकुर आणि कोंडा वेगळा काढायचा आणि उरलेल्या कण्या तेवढ्या घ्यायच्या. १९०२ च्या सुमारास विल यांनी कण्यांवर काम नेले, पापुद्रा पातळ केला आणि माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जवासारखे धान्य, घातले. कॉर्नफ्लेक्सचा जन्म सांगायचाच असेल तर तो इथे सांगावा, १८९४ मध्ये नव्हे.

या कामातली मेख कळावी म्हणून पुढे उद्योगात रुळलेली जुनी पद्धत देतो. पिवळ्या मक्याच्या कण्या घ्यायच्या, दाण्याच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्या दाण्याएवढ्या. १०० किलो कण्यांना ६ किलो साखर, २ किलो माल्टचा पाक, २ किलो मीठ. फिरत्या बंद पिंपात वाफेच्या दाबाखाली सुमारे दोन तास शिजवायचे; वाफेचे पाणी धरून शेवटी ओलावा ३२ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. कणी खडूसारखी पांढरी असते ती शिजल्यावर सोनेरी आणि अर्धपारदर्शक होते. दोन बोटांत दाबून पाहायची: मध्ये पांढरा ठिपका दिसला तर ती कच्ची आहे आणि तो ठिपका भाजल्यावरही फ्लेकवर राहणार. जास्त शिजली तर सगळ्याचा गोळा. मग गठ्ठे फोडून कण्या गरम हवेवर १४ ते १७ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवायच्या. इथे घाई केली, हवा फार तापवली, की कणी वरून कडक होते आणि आत ओली राहते. त्यानंतर मुरवण. पूर्वी यासाठी १८ ते २४ तास लागत. वाळवण नीट साधायला लागल्यावर ती वेळ काही तासांवर आली.

मुरलेली कणी जाते जड पोलादी रुळांखाली, तिथला दाब चाळीस टनांच्या घरातला. रूळ आतून पोकळ असतात आणि त्यांत गार पाणी खेळते, कारण रूळ तापला की पापुद्रा चिकटलाच. कणी ओली राहिली तर पात्यावर लगदा जमतो, फार सुकली तर कडा तडकतात आणि खाली चुराच जास्त पडतो. शेवटी भाजणी: २७५ ते ३३० अंशांच्या फिरत्या भट्टीत जेमतेम दीड मिनिट. उरलेल्या ओलाव्याची आतल्या आत वाफ होते, पृष्ठभागावर बारीक फोड येतात, साखर आणि माल्टमुळे रंग चढतो. बाहेर पडताना ओलावा दीड ते तीन टक्के. याहून ओला राहिला तर फ्लेक चिवट लागतो.

चिवड्यासाठी आपण आणतो ते मक्याचे पोहे याच वाटेवरचे. भाजणीच्या आधी थांबलेले. म्हणून ते कच्चे चावत नाहीत आणि कढत तेलात पडल्यावर फुलतात. भट्टीचे काम तिथे कढई करते. (तेल पुरेसे तापले नसेल तर ते फुलत नाहीत, नुसते तेल पितात, कारण तेच, आतल्या ओलाव्याची एकदम वाफ झाली पाहिजे.)

साखरेवरूनच दोघा भावांचे बिनसले. डॉक्टरांच्या मते साखर म्हणजे पोटाचे वाटोळे. विल यांना दिसत होते की बरे होऊन घरी गेलेला माणूस बेचव वस्तू दुसऱ्यांदा मागवणार नाही. १९०२ मध्ये आरोग्यधामाची इमारत जळाली, तेव्हा ती पुन्हा उभी करण्यात विल थोरल्याबरोबर राबले. पण मन उडाले होते. १९ फेब्रुवारी १९०६ रोजी ‘बॅटल क्रीक टोस्टेड कॉर्न फ्लेक कंपनी’ नोंदली गेली. विल तेव्हा ४५ वर्षांचे होते. भांडवल आले सेंट लुइसच्या एका विमा व्यावसायिकाकडून, आणि कॉर्नफ्लेक्सच्या हक्कांच्या मोबदल्यात शेअरचा मोठा हिस्सा गेला डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी त्यातले बरेच शेअर आरोग्यधामातल्या सहकारी डॉक्टरांना पगाराच्या जागी देऊन टाकले. विल यांनी ते एकेक करून विकत घेतले आणि कंपनी ताब्यात आणली. थोरल्याला हे कळले तेव्हा उशीर झाला होता. हिशेबाच्या वहीवर पंचवीस वर्षे बसलेल्या माणसाने केलेली ही खेळी आपल्या लेखात एका ओळीतही नाही, याचे मला नवल वाटते.

पहिल्याच वर्षी त्यांनी खेळत्या भांडवलाचा जवळपास तिसरा हिस्सा ‘लेडीज होम जर्नल’ या बायकांच्या मासिकातल्या पानभर जाहिरातीवर लावला. तिचा मजकूर उफराटा होता: आमचा माल बहुतेक दुकानांत मिळतच नाही, हे उघड कबूल करून बायकांना सांगितले होते की तुम्हीच वाण्याकडे मागा. मागणी आधी, माल नंतर. ४ जुलै १९०७ रोजी कारखाना जळून खाक झाला, तरी काही महिन्यांत त्याहून मोठा आणि आगीला न जुमानणारा कारखाना उभा राहिला.

एक गोष्ट तरीही सुटली नव्हती, ती म्हणजे सादळणे. दोन-तीन टक्के ओलाव्याची वस्तू दमट हवेत किती वेळ कुरकुरीत राहणार? १९१४ मध्ये आलेले ‘वॅक्सटाइट’ म्हणजे उष्णतेने चिकटवलेले मेणकागदाचे वेष्टन. गंमत म्हणजे ते सुरुवातीला खोक्याच्या बाहेरून गुंडाळलेले असे. गिऱ्हाइकाने ते फाडले की संरक्षण संपले. मेणकागदाची पिशवी खोक्याच्या आत जायला आणखी काही काळ लागला. पावसाळ्यात पोह्यांचा डबा उघडा राहिला की काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या कागदाचे मोल सांगायला नको.

भारतापुरते म्हणायचे तर १९९४ मध्ये कंपनी इथे आली आणि रायगड जिल्ह्यात तळोजा येथे तिचा कारखाना झाला. सुरुवातीला माल अपेक्षेइतका खपला नाही; किंमत हे एक कारण, गरम दूध हे दुसरे. भाजलेला फ्लेक आतून सच्छिद्र असतो, तापवलेले दूध त्यात थंड दुधापेक्षा फार लवकर शिरते आणि बघता बघता वाटीत लापशी होते.

शेवटी एक दुरुस्ती, ती कृपया छापावी. लेखाशेजारी जुन्या खोक्याचे चित्र आहे आणि त्याखाली ‘डॉ. केलॉग यांची स्वाक्षरी’ असे म्हटले आहे. खोक्यावर स्वच्छ ‘डब्ल्यू. के.’ लिहिलेले दिसते; ही सही विल कीथ यांची. नकली माल ओळखता यावा म्हणून ती छापत. केलॉग हे आडनाव मालावर कुणी वापरायचे यावरून दोघे भाऊ १९१० पासून कोर्टात भांडत होते, आणि १९२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो विल यांच्या बाजूने. त्याच सहीखाली थोरल्याचे नाव छापणे बरोबर नाही.

आपला,
धान्यप्रक्रिया उद्योगातील एक वाचक
पुणे